फडके की सडके?

फडके आडनावाच्या कुणालाही विचारून बघा. गॅसचा नंबर लावायचा असो की दवाखान्यात वेळ घ्यायची असो, फोनवर आडनाव एकदा सांगून भागत नाही. "फडके... नाही हो, सडके नाही, फडके. फणसातला फ." हाच माणूस समोर उभा राहून आडनाव सांगतो तेव्हा असा घोळ होत नाही. तोंड तेच, कान तेच. मधल्या मध्ये कुणीतरी काहीतरी काढून घेतलेलं असतं.

काय काढून घेतलं ते आकड्यांत सांगता येतं. जुन्या टेलिफोनची वाट ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच रुंद होती. सेकंदाला ३०० कंपनांच्या खालचं आणि ३४०० च्या वरचं त्यातून जवळजवळ काहीच जात नसे. 'स' म्हणताना दातांपाशी जी शीळ वाजते, तिचा जोर साधारण ४००० ते ८००० हर्ट्झच्या दरम्यान असतो. 'फ' (हल्ली बरेच जण वरचे दात खालच्या ओठाला लावून काढतात तो) मुळातच दुबळा आणि सगळीकडे पसरलेला. 'स'ची शीळ कापली की त्याच्याकडे नुसती फुसफुस उरते, आणि 'फ'कडे फुसफुशीखेरीज दुसरं काही नव्हतंच. फडक्यांचे सडके होतात ते इथे.

खालच्या बाजूची काटछाट आणखी मजेची आहे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १०० ते १२० हर्ट्झचा. म्हणजे वडिलांचा फोन आला की त्यांच्या आवाजाचा पायाच तारेतून येत नव्हता, आणि तरीही "बोल" एवढ्या एका शब्दावरून ते वडीलच आहेत हे कळत होतं. ११० चा सूर गेला तरी त्याच्या पटीतले ३३०, ४४०, ५५० हे सूर पोचतात. कान त्यांच्यातलं अंतर मोजतो, ते ११० भरतं आणि न आलेला सूर तो स्वतःच उभा करतो. तानपुऱ्याशेजारी बसून षड्जाच्या तारेतून गंधार निघताना ज्यांनी ऐकलाय, त्यांना पटीतल्या सुरांची ओळख करून द्यायला नको. तो गंधार म्हणजे पाचपट कंपनांचा सूर.

बोलणं आकड्यांत बांधून पाठवणाऱ्या मंडळींचा सगळा धंदा कानाच्या या स्वभावावर चालतो. कान काय भरून काढतो, काय खपवून घेतो आणि कुठे अजिबात ऐकून घेत नाही, हे जसजसं कळत गेलं तसतसा फोनवरचा आवाज सुधारला. पाठवायचा माल मात्र बहुतेक वेळा कमीच होत गेला.

सुरुवात साधी होती. अॅलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याने पॅरिसमध्ये काम करताना १९३८ मध्ये एका पद्धतीचं पेटंट घेतलं: आवाजाची लाट ठरावीक वेळाने मोजायची आणि लाटेऐवजी ते आकडे पाठवायचे. पुढे टेलिफोनसाठी सेकंदाला ८००० मोजमापं आणि प्रत्येकाला ८ बिट असा हिशोब ठरला. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. हे १९७२ च्या 'जी.७११' या आंतरराष्ट्रीय मानकात आलं.

८ बिटांत २५६ पायऱ्या मावतात. त्या सारख्या उंचीच्या ठेवल्या तर मोठ्याने बोलणारा नीट ऐकू येतो आणि हळू बोलणाऱ्याच्या आवाजात खरखर शिरते, कारण त्याच्या वाट्याला चारदोनच पायऱ्या येतात. म्हणून सराफाचा काटा आणि वखारीचा काटा वेगळा असतो, तसं केलं. हलक्या आवाजासाठी बारीक पायऱ्या, मोठ्यासाठी ठोकळ. किलोभर चूक लाकडाच्या ढिगात दिसत नाही, सोन्यात गुंजभरही दिसते. अमेरिका आणि जपानने त्यासाठी 'म्यू-लॉ' घेतला, युरोपने आणि आपण 'ए-लॉ'. सुधारणेचा हा पहिला धडा: चूक टळणार नसेल तर ती कुठे करायची ते ठरवा.

तारेवर ६४,००० बिट परवडत होते. हवेतून, म्हणजे मोबाइलवर, ते परवडणारे नव्हते. तिथे दुसऱ्या बाजूने विचार करावा लागला, आणि तो विचार आपल्या वर्णमालेला फार जवळचा आहे.

आपण पहिलीत क, ख, ग, घ घोकतो तेव्हा तो तोंडाचा नकाशा असतो हे कुणी सांगत नाही. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य: आवाज तोंडात कुठे अडवला. घोष आणि अघोष: अडवताना गळ्यातले पडदे थरथरत होते की नुसती हवा जात होती. गळ्यात आवाज तयार होतो आणि तोंडाची पोकळी त्याला आकार देते. बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेतल्या होमर डडली यांनी हेच यंत्रात उतरवलं. त्यांचं 'व्होकोडर' बोलण्याची लाट पाठवतच नसे. कोणत्या पट्टीत किती जोर आहे, गळा थरथरतोय की नाही आणि थरथरत असेल तर कोणत्या सुरात, एवढंच पाठवायचं. पलीकडचं यंत्र त्यावरून नवा आवाज रचायचं. १९४३ मध्ये वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यातली गुप्त बोलणी 'सिगसॅली' नावाच्या यंत्रणेवरून सुरू झाली ती याच तत्त्वावर. वजन पन्नास टनांच्या पुढे. शत्रूला कळत नसे हे खरं, पण बोलणाऱ्याचा आवाज ओळखू येईल अशी अपेक्षा पलीकडच्यानेही ठेवायची नसे.

यंत्रमानव म्हटला की आपण नाकातून, एकसुरी, भणभणत्या आवाजात बोलून दाखवतो ना, ती नक्कल मुळात व्होकोडरची आहे.

त्या आवाजात माणूस आणण्याच्या कामात एका भारतीयाचा वाटा फार मोठा आहे. बिष्णु अटल यांचा जन्म १९३३ चा, कानपूरचा. लखनौला पदवी, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिक्षण आणि काही काळ अध्यापन, आणि १९६१ पासून बेल लॅब्ज. तिथे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांच्याबरोबर त्यांनी १९६० च्या दशकात जे मांडलं, त्याला पुढे 'लिनिअर प्रेडिक्शन' हे नाव रूढ झालं. त्याच सुमारास जपानमध्ये इटाकुरा आणि सायतो स्वतंत्रपणे तिथेच पोचत होते.

कल्पना अशी. बोलणं मनमानी नसतं. जीभ, ओठ, जबडा हे मांसाचे अवयव. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ते फारसे हलू शकत नाहीत. म्हणून लाटेची मागची दहा मोजमापं हाताशी असली तर अकरावं बऱ्यापैकी वर्तवता येतं. वर्तवण्याचं सूत्र म्हणजे त्या क्षणाचा तोंडाचा आकार. तो दहाएक आकड्यांत मावतो, आणि दर २० मिलिसेकंदांनी नवा पाठवला की झालं. अंदाज आणि खरी लाट यांच्यात जो फरक राहतो, तो गळ्याचा वाटा. हा उरलेला फरक कसा पाठवायचा, यावरच पुढची वीस वर्षं खर्ची पडली.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तो पाठवायचाच नाही. घोष असेल तर पलीकडे ठरावीक अंतराने टिचक्या मारा, अघोष असेल तर खरखर सोडा. सेकंदाला २४०० बिटांत काम भागतं. १९७८ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने लहान मुलांना स्पेलिंग शिकवणारं 'स्पीक अँड स्पेल' हे खेळणं काढलं, ते याच घराण्यातलं. पण घोष की अघोष, यातलं एकच निवडा, ही अट माणसाच्या तोंडाला मानवत नाही. आपले घ, झ, ढ, ध, भ घ्या. व्याकरणाने त्यांना घोष महाप्राण म्हटलंय: गळाही थरथरतो आणि श्वासही सांडतो, दोन्ही एकाच वेळी. 'भाऊ' म्हणताना तळहात तोंडासमोर धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं गळ्याला लावा. दोन्ही हातांना कळेल. टिचक्या किंवा खरखर असं एकच हत्यार असलेल्या यंत्राला 'भाऊ' म्हणणं जड जाणारच. १९९० च्या दशकात २४०० बिटांचाच 'मेल्प' हा सुधारित प्रकार आला, त्यात टिचक्या आणि खरखर पट्टीपट्टीने मिसळता येऊ लागल्या. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना विचारलं असतं तर त्यांनी हे आधीच सांगितलं असतं, असं मला उगाच वाटतं.

पण खरी उडी १९८५ ची. फ्लोरिडातल्या टँपा इथे भरलेल्या परिषदेत श्रोडर आणि अटल यांनी 'सेल्प' मांडलं. ते समजायला साडीवरचा ब्लाउज शिवायला निघालेल्या बाईमागोमाग मॅचिंग सेंटरमध्ये शिरावं.

काउंटरवर साडी पसरलेली आहे. मागच्या फळ्यांवर ब्लाउजपीसचे गठ्ठे. विक्रेता एकेक कापड काढून साडीवर ठेवतो, बाई मान हलवतात, तो पुढचं काढतो. शेवटी एक जवळचं सापडतं. आता समजा हेच दुकान सांगलीतही आहे आणि तिथे अगदी हेच गठ्ठे, याच क्रमाने लावलेत. मग सांगलीला कापड धाडायची गरज काय? शेड नंबर फोनवर कळवा, ते त्यांच्या फळीवरून काढतील.

'सेल्प'मध्ये गठ्ठे होते १०२४. प्रत्येकात ४० आकड्यांची एक माळ, म्हणजे ५ मिलिसेकंदांचा तुकडा, आणि गंमत म्हणजे हे आकडे यादृच्छिक, फासे टाकून काढावेत तसे. बोलण्याचा तुकडा आला की यंत्र १०२४ माळा एकामागून एक तोंडाच्या सूत्रातून वाजवून बघतं, जी मूळ आवाजाच्या सगळ्यात जवळ जाईल तिचा क्रमांक पाठवतं. १०२४ पैकी एक क्रमांक सांगायला १० बिट पुरतात. जुन्या टेलिफोनला त्याच ४० आकड्यांसाठी ३२० लागत होते. (तोंडाचा आकार, सूर आणि आवाजाचा जोर यांचे बिट वेगळे, पण तेही थोडेच.)

अडचण वेळेची होती. प्रत्येक तुकड्याला १०२४ कापडं उलगडायची. त्या काळच्या जगातल्या नामवंत महासंगणकाला, क्रे-१ ला, एका सेकंदाचं बोलणं बांधायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला. असली गोष्ट खिशातल्या फोनवर चालेल असं तेव्हा म्हणायला धाडस हवं होतं. पुढे कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठातल्या गटाने फळ्याच रिकाम्या केल्या: यादृच्छिक माळांऐवजी मोजक्याच जागी अधिक-उणे एकच्या टिचक्या. गठ्ठा साठवायला नको आणि शोधायलाही सोपा. आज आपण मोबाइलवर बोलतो त्या बहुतेक पद्धती याच 'ए-सेल्प'च्या लेकी-नाती आहेत.

आता मॅचिंगच्या दुकानातला दुसरा प्रसंग. कापड जवळजवळ पसंत पडलंय, तरी बाई म्हणतात, "जरा बाहेर उजेडात बघू या." दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये जुळलेला रंग उन्हात जुळेलच असं नसतं. अटल आणि श्रोडर यांनी नेमकं हेच केलं. जवळची माळ म्हणजे कुणाच्या दृष्टीने जवळची? गणिताच्या दृष्टीने सगळ्यात कमी चूक करणारी माळ कानाला सगळ्यात बरी लागत नव्हती. बोलण्यात काही पट्ट्यांमध्ये जोर एकवटलेला असतो. तिथे थोडी चूक झाली तरी मोठ्या आवाजाखाली ती झाकते. दोन शिखरांमधल्या दरीत तेवढीच चूक उघडी पडते. म्हणून चूक मोजण्याआधी ती एका कानासारख्या चाळणीतून काढायची: दरीतल्या चुकीला जास्त शिक्षा, शिखराखालच्या चुकीला कमी. आकडेमोडीने बघितलं तर आवाज आधीपेक्षा बिघडला, ऐकणाऱ्याने सांगितलं सुधारला.

हाच प्रकार पलीकडच्या टोकालाही चालतो, 'पोस्टफिल्टर' नावाने. आवाज परत रचून झाला की ऐकवण्याआधी त्यातल्या दऱ्या आणखी थोड्या खोल करायच्या, म्हणजे तिथे साचलेली खरखर खाली जाते. फोडणीसारखं प्रमाण आहे त्याचं. थोडं असलं तर आवाज स्वच्छ वाटतो, जास्त झालं तर माणूस रजईतून बोलतोय असं वाटतं.

१९९५ च्या ३१ जुलैला भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू आणि दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम. जीएसएम या मोबाइल यंत्रणेच्या मूळ पद्धतीत २० मिलिसेकंदांचं बोलणं २६० बिटांत बसवत. तारेवर त्याला १२८० लागायचे. बाकी भाषण काय झालं ते असो, दोन्ही बाजूंना जे ऐकू आलं ते मूळ आवाजाच्या लाटा नव्हत्या. पलीकडच्या यंत्राने दर २० मिलिसेकंदाला सूत्रावरून नव्याने रचलेले आवाज होते.

हे एकदा ध्यानात आलं की फोनवरच्या बऱ्याच विचित्र गोष्टी उलगडतात. "कृपया प्रतीक्षा करा"नंतरची सतार पाण्यात बुडाल्यासारखी का वाजते? कारण यंत्र प्रत्येक आवाज एकाच माणसाच्या तोंडातून निघाला असं धरून चालतं, आणि सतारीला तोंड नसतं. स्वयंपाकघरातून बोलताना कुकरची शिट्टी झाली की तुमचा शब्दही कुस्करतो, कारण एक तोंड आणि एक शिट्टी यांच्यासाठी एकच सूत्र बसवायची यंत्राची धडपड चालू असते. म्हणून आवाज सुधारायचा सगळ्यात फुकटचा उपाय आकड्यांच्या आधीचा आहे: फोन तोंडाजवळ धरा आणि खिडकी लावा. दुसरं, एका पद्धतीत बांधलेला आवाज सोडून वाटेत दुसऱ्या पद्धतीत पुन्हा बांधला तर तो उतरतोच. झेरॉक्सची झेरॉक्स.

शांततेचंही असंच. संभाषणात प्रत्येक जण अर्ध्याहून कमी वेळ बोलतो, मग गप्प असताना बिट कशाला पाठवायचे? पाठवणं बंद केलं तर पलीकडे ठार शांतता पसरते, आणि पलीकडचा लगेच "हॅलो? हॅलो? ऐकू येतंय का?" करू लागतो. म्हणून तुम्ही गप्प बसलात की तुमच्या खोलीतल्या पंख्याच्या घरघरीचं थोडक्यात वर्णन पाठवलं जातं आणि पलीकडचा फोन त्यावरून खोटी घरघर वाजवतो. तुम्ही विचारात पडलेले असता तेव्हा समोरच्याला तुमची खोली ऐकू येत नसते, तिची नक्कल ऐकू येते.

खंडाळ्याच्या घाटात बोगदा आला की तुकडेच हरवतात. मग हरवलेल्या जागी मागचा तुकडा पुन्हा वाजवायचा, पण दर खेपेला हळू करत, आणि जी.७११ च्या जोडपत्राप्रमाणे ६० मिलिसेकंदांत पूर्ण गप्प व्हायचं. एखादा तुकडा असा भरला तर कळतही नाही. "मी निघालोओओ" असा लांबलेला स्वर ऐकू आला की समजावं, भराव चालू आहे.

पुन्हा फडक्यांकडे येऊ. इतकी हुशारी झाली तरी वाट ३४०० पर्यंतच होती, त्यामुळे 'स'ची शीळ काही येत नव्हती. ती यायला 'एएमआर वाइडबँड' यावं लागलं, २००१ च्या सुमारास: ५० ते ७००० हर्ट्झ. आपल्याकडे ते घरोघर पोचलं ते मुख्यतः २०१६ नंतर, फोर-जीवरून बोलणं सुरू झाल्यावर. त्यातही एक लबाडी आहे. ६४०० च्या वरचा पट्टा नीट बांधलेला नसतोच. तिथे योग्य त्या जोराने खरखर भरलेली असते. आणि ते खपतं, कारण 'स'ची शीळ म्हणजे तरी काय, खरखरच.

मराठीला ही रुंदी इतरांपेक्षा जास्त लागते असं माझं मत आहे. 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो आणि दोन जागी जीभ लावून बोलतो. 'जरा थांब' मधला ज आणि 'जरा-मरण' मधला ज यांच्यात अर्थच बदलतो. दाताजवळच्या च-ज ची शीळ वरच्या पट्टीत जाते. मी एकदा "चार चाकं जरा जपून" असं रेकॉर्ड करून ते 'ओपस' या खुल्या पद्धतीत वेगवेगळ्या मापांनी बांधून ऐकलं. ही पद्धत २०१२ ची, सेकंदाला ६००० पासून ५,१०,००० बिटांपर्यंत ताणता येते. २४,००० ला मूळ आणि बांधलेलं यात मला फरक सांगता आला नाही. ६००० ला वाक्य कळत होतं, माणूसही मीच होतो, पण 'चार' आणि 'चाक' यांचा च एकाच दुकानातून आणल्यासारखा झाला होता.

गेल्या काही वर्षांत तिसऱ्याच प्रकारची सुधारणा आली आहे. २०१६ मध्ये 'वेव्हनेट' या न्यूरल जाळ्याने बोलण्याची लाट एकेक आकडा करत रचून दाखवली. २०१८ मध्ये 'कोडेक २' या हौशी रेडिओवाल्यांसाठी केलेल्या काटकसरी पद्धतीचे सेकंदाला २४०० बिट अशा जाळ्याला दिले गेले, आणि तेवढ्याच बिटांतून आधीपेक्षा कितीतरी माणसासारखा आवाज निघाला. पाठवणाऱ्याने काहीच बदललं नव्हतं. ऐकवणाऱ्या टोकाला बऱ्याच आवाजांचा अनुभव होता, एवढाच फरक. २०२१ चं गुगलचं 'लायरा' ३००० बिटांत चालतं.

ऐकायला हे उत्तमच आहे, पण मला एक धास्ती वाटते. जुनी पद्धत हरली की आवाज घोगरा व्हायचा, आणि घोगरा आवाज स्वतःच सांगायचा की पुन्हा विचारा. न्यूरल पद्धत हरली तरी आवाज लख्ख राहू शकतो. जे नीट पोचलं नाही तिथे ती अनुभवावरून सगळ्यात संभवनीय ध्वनी बसवते, आणि तो अनुभव कोणत्या भाषांचा आहे यावर बरंच अवलंबून असतं. ज्या जाळ्याने ळ फारसा ऐकलेला नाही ते 'बाळ'चं 'बाल' करेल, तेही स्वच्छ, गोड आवाजात. आवाज किती चांगला याला श्रोत्यांकडून १ ते ५ गुण घेतात. 'बाल'ला पाचपैकी पाच मिळतील.

म्हणून मी अशा पद्धती तपासायला एक घरगुती यादी केली आहे. सात-साठ, दार-धार, काट-खाट, बाळ-बाल, फडके-सडके. एकाने बंद खोलीतून फोनवर वाचायचं, दुसऱ्याने कागदावर लिहायचं, पुन्हा विचारायचं नाही. परवा 'साठ' सहा वेळा वाचला. पाच वेळा साठ लिहिला गेला. सहाव्यांदा सात, आणि लिहिणारी माझी मुलगी म्हणाली, "तो तर सगळ्यात स्पष्ट होता."